लाल गालिच्यावरचे वस्त्र कोणाचे?

चित्रपटमहोत्सवाच्या किंवा पुरस्कारसोहळ्याच्या दारापासून सभागृहाच्या पायऱ्यांपर्यंत अंथरलेला लाल गालिचा मुळात पाहुण्यांचा मान राखण्यासाठी होता. ऑस्करच्या सोहळ्यात तो १९६१ पासून दिसू लागला आणि पाहुण्यांचे आगमनही दूरचित्रवाणीवर दाखवले जाऊ लागल्यावर ती काही पावलांची वाट म्हणजे एक स्वतंत्र कार्यक्रमच होऊन बसली, ज्यात चित्रपट मागे पडून कोणी काय घातले आहे याचीच चर्चा अधिक रंगू लागली. त्याच सुमारास, १९६० मध्ये, मिस्टर ब्लॅकवेल या नावाने वावरणाऱ्या अमेरिकी वेशरचनाकाराने वर्षभरात सर्वांत वाईट पोशाख करणाऱ्या स्त्रियांची यादी प्रसिद्ध करण्याचा पायंडा पाडला, आणि प्रसिद्ध व्यक्तींच्या कपड्यांना जाहीरपणे नावे ठेवणे हा एक व्यवसाय ठरला. पुढे समाजमाध्यमांनी हे काम व्यावसायिकांच्या हातून काढून घेऊन सर्वांच्या हाती दिले. तेव्हापासून टीका जितकी तातडीची झाली, तितकेच तिला दिले जाणारे उत्तरही तातडीचे झाले. ही उत्तरे कधी हसण्यावारी नेणारी, कधी चिडलेली, कधी नुसत्या मौनाची असतात. तरी ती एकापुढे एक मांडून पाहिली, तर त्यांतली बहुतेक उत्तरे कपडा चांगला होता की वाईट होता या प्रश्नाला हातच घालत नाहीत आणि तो कपडा नेमका कोणाचा होता, एवढ्यावरच भांडतात, असे दिसून येते.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, कारण लाल गालिच्यावर मिरवला जाणारा पोशाख बहुधा मिरवणारीच्या मालकीचा नसतो. वेशरचनाकाराचे फॅशन हाऊस तो सोहळ्यापुरता उसना देते, आणि स्टायलिस्ट, म्हणजे तारकेच्या वतीने पोशाख, पादत्राणे, दागिने व केशरचना यांची जुळवाजुळव करणारी व्यक्ती, तो निवडून तारकेच्या मापाचा करून घेते. दागिने अनेकदा जवाहिऱ्याकडून पहाऱ्यासकट येतात आणि रात्र संपताच परत जातात. तारकेचे जाणेच एखाद्या प्रसाधन कंपनीच्या करारातून घडलेले असले, तर ओठांच्या रंगापर्यंतचे निर्णय त्या करारात गुंतलेले असतात. चित्रपटातील वेशभूषाकाराचे काम पात्राला कपडे देण्याचे असते आणि प्रेक्षक ते पात्राचे म्हणूनच पाहतो. गालिच्यावर मात्र पात्र नसते, त्यामुळे पोशाखामागे चार-पाच हात असले तरी जाब एकीलाच द्यावा लागतो.

या विसंगतीचे भारतातील सर्वांत दीर्घ उदाहरण ऐश्वर्या राय यांचे आहे. २००२ मध्ये ‘देवदास’च्या निमित्ताने त्या फ्रान्समधील कान महोत्सवात शाहरुख खान आणि संजय लीला भन्साळी यांच्यासह घोडागाडीतून पोहोचल्या, तेव्हा त्यांनी नीता लुल्ला यांनी सजवलेली पिवळी साडी आणि सोन्याचे भरघोस दागिने घातले होते. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, त्या महोत्सवाच्या परीक्षक मंडळावर बसणाऱ्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या, पण भारतीय वृत्तपत्रांनी परीक्षक म्हणून त्यांनी काय पाहिले याची दखल घेण्याऐवजी त्यांच्या भडक हिरव्या साडीवर तोंडसुख घेतले आणि त्या टीकेचा मोठा वाटा लुल्ला यांच्याकडे वळला. तेरा वर्षांनी, मे २०१६ मध्ये, त्यांच्या जांभळ्या लिपस्टिकवरून समाजमाध्यमांत खिल्लीचा पूर आला. या वेळी त्या लॉरिअल या प्रसाधन कंपनीच्या सदिच्छादूत म्हणून गेल्या होत्या, आणि त्यांच्या बचावाला धावून आलेल्या सोनम कपूर याही त्याच कंपनीच्या सदिच्छादूत होत्या. प्रसाधन हा गमतीचा भाग असतो आणि लोकांनी चर्चा करावी हाच त्यामागचा हेतू होता, अशा आशयाचे सोनम यांचे म्हणणे होते. ते प्रामाणिक असेलही, परंतु एका कंपनीच्या दोन प्रतिनिधींपैकी एकीने दुसरीची पाठराखण केली की ती मैत्री म्हणायची की विक्रीचे काम, हे बाहेरच्याला सांगता येणे कठीण असते. लिपस्टिक कंपनीची असेल तर तिची टिंगल हीसुद्धा कंपनीची कमाईच ठरते, एवढे मात्र निश्चित.

मराठी वाचकाला नीता लुल्ला हे नाव आणखी एका कारणाने परिचित असावे. २०११ च्या ‘बालगंधर्व’ या मराठी चित्रपटासाठी त्यांना वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या नटाचे शालू त्यांनी त्या चित्रपटात पुन्हा उभे केले, त्या नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्याभोवती महाराष्ट्रात लाल गालिच्याच्या कितीतरी आधी हाच सारा खेळ घडून गेला होता. १८८८ मध्ये जन्मलेल्या आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन करणाऱ्या या नटाने रंगभूमीवर स्त्रीभूमिका करताना नकली कापड आणि खोटे दागिने वापरण्याची रंगभूमीची सर्वसाधारण रीत मानली नाही. त्यांच्या अंगावरचा शालू खरा असे, पैठणी खरी असे, अत्तर उंची असे. त्यांची नेसण, नथ घालण्याची ढब आणि केसांतला गजरा पाहून घरंदाज स्त्रिया तशाच नटू लागल्या. पुरुषाने घडवलेली स्त्रीची फॅशन स्त्रियांनी उचलावी, यातील गंमत समकालीनांच्याही लक्षात आली होती. या उधळपट्टीवर टीका होतच राहिली आणि कंपनी कर्जात बुडाली, तरी बालगंधर्वांनी पदराला खार लावून घेतला, पण पदर हलका केला नाही. प्रेक्षकांना ते ‘अन्नदाते मायबाप’ म्हणून संबोधत आणि त्या संबोधनातच टीकेला त्यांचे उत्तर होते, असे म्हणता येईल: जे उंची ते मायबाप प्रेक्षकांसाठी, म्हणून त्याच्या किमतीचा हिशेब नटाने करायचा नसतो. आजच्या तारकेला कंपनी कापड देते आणि ती ते मिरवते. बालगंधर्वांनी ते स्वतः विकत घेतले आणि प्रेक्षकांना अर्पण केले. हिशेबाच्या दृष्टीने दुसरा मार्ग आतबट्ट्याचा ठरला, यात शंका नाही.

पडद्यावरच्या पोशाखावरून उठलेले मराठीतले पहिले मोठे वादळ १९३८ मधले आहे. मास्टर विनायक यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या ‘ब्रह्मचारी’ या चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि मराठी समाजात खळबळ माजली. चित्रपट ब्रह्मचर्याच्या दिखाऊ कल्पनेची टर उडवणारा होता, त्यामुळे तो पोशाख कथेच्याच कामाचा होता. तरीही नावे ठेवली गेली ती नटीला, लेखकाला त्या मानाने थोडी. चित्रपट मात्र तुफान चालला. निषेध करणाऱ्यांतले किती जण तिकीट काढून गेले होते याची नोंद कोणी ठेवलेली नाही, पण रिकाम्या थिएटरांतून चित्रपट चालत नाहीत.

परदेशातील गालिच्यावर भारतीय स्त्री उभी राहिली की मालकीच्या प्रश्नाला आणखी एक धागा जोडला जातो, तो देशाच्या प्रतिनिधित्वाचा. २०१३ च्या कान महोत्सवात स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या अध्यक्षतेखालील परीक्षक मंडळावर विद्या बालन होत्या आणि सव्यसाची मुखर्जी यांनी घडवलेले पूर्ण भारतीय पोशाख, नथ आणि डोक्यावरचा पदर घेऊन त्या वावरल्या. एरवी भारतीय तारकांनी पाश्चात्त्य गाऊन घातले की संस्कृती सोडल्याची तक्रार होते. येथे उलट बाजूने, म्हणजे हे भारताचे फारच जुनाट चित्र आहे, अशी तक्रार झाली. विद्या बालन यांनी वाद घालण्यापेक्षा साडी नेसत राहणे पसंत केले आणि पुढील वर्षांतही तीच त्यांची ओळख राहिली. प्रतिनिधित्वाचा दावा लोक करतात तेव्हा कोणताही पोशाख पुरेसा भारतीय ठरत नाही आणि कोणताही पुरेसा आधुनिक ठरत नाही, हे या एका प्रकरणातून जेवढे स्पष्ट दिसते तेवढे दुसऱ्या कोणत्या प्रकरणातून क्वचितच दिसेल.

प्रियांका चोप्रा यांनी २०१७ मध्ये एकाच महिन्यात दोन वेगवेगळ्या टीकांना तोंड दिले. न्यूयॉर्कच्या मेट गालात, म्हणजे मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या वेशभूषा विभागासाठी निधी उभारणाऱ्या वार्षिक समारंभात, त्यांनी राल्फ लॉरेनचा मागे लांबच लांब सोगा सोडलेला ट्रेंच कोट घातला. त्या सोग्याने रस्ते झाडता येतील, अशी चित्रे भारतीय समाजमाध्यमांत फिरली, आणि त्यांनी ती थट्टा हसून घेतली. महिनाअखेरीस बर्लिनमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची भेट घेताना त्यांचा पोशाख गुडघ्यापर्यंतचा होता, यावरून मात्र टीका गंभीर सुराची झाली. या वेळी त्यांनी आई मधू चोप्रा यांच्यासोबतचे, दोघींचेही पाय दिसणारे छायाचित्र प्रसिद्ध करून उत्तर दिले. पहिल्या टीकेत कोट वेशरचनाकाराचा होता, म्हणून हसता आले. दुसऱ्या टीकेत पाय स्वतःचे होते, आणि त्यांच्यावरचा हक्क सांगण्यासाठी आईला साक्षीला उभे करणे हा डाव मोठा चतुर होता, कारण संस्कारांची भाषा बोलणाऱ्या टीकाकाराला संस्कार देणाऱ्या आईपुढे फारसे बोलता येत नाही.

कपडा आणि शरीर यांतली ही सीमा २०२० मध्ये गोव्याच्या एका वेशरचनाकाराने उघड केली, तीही अनवधानाने. त्या वर्षीच्या ग्रॅमी सोहळ्यात प्रियांका चोप्रा यांनी राल्फ अँड रूसो या लंडनच्या फॅशन हाऊसचा बेंबीपर्यंत खोल गळ्याचा गाऊन घातला. कोलवाळ येथे राहणारे, गोव्याच्या कुणबी साडीला नवे जीवन देणारे वेंडेल रॉड्रिक्स यांनी त्या गळ्याची समाजमाध्यमावर थट्टा केली आणि तत्काळ त्यांच्यावरच टीकेचा भडिमार झाला. आपण पोशाखावर बोललो, शरीरावर नव्हे, असा खुलासा त्यांना करावा लागला. व्यवसायाने कापडाकडे पाहणाऱ्या माणसाला हा फरक स्वाभाविक वाटला असेल, परंतु गळा किती खोल आहे हे ज्याच्या त्वचेवरून मोजले जाते, त्याला तो फरक तसा भासत नाही. प्रियांका यांचे उत्तर मात्र अगदी कारागिराच्या भाषेतले होते: उघडा वाटणारा भाग त्वचेच्या रंगाच्या तलम जाळीने, म्हणजे ट्यूलने, आतून सांधलेला होता आणि म्हणून पोशाख जागचा हलत नव्हता. या वादानंतर थोड्याच दिवसांनी, १२ फेब्रुवारी २०२० रोजी, रॉड्रिक्स यांचे निधन झाले.

महाराष्ट्रात या वादाने शासनाचे दार ठोठावले ते जानेवारी २०२३ मध्ये. चित्रविचित्र वस्तूंपासून पोशाख बनवून मुंबईच्या रस्त्यांवर छायाचित्रकारांपुढे येणाऱ्या उर्फी जावेद यांच्यावर कारवाई व्हावी, अशी मागणी भारतीय जनता पक्षाच्या नेत्या चित्रा वाघ यांनी पोलिसांकडे केली. उर्फी यांनी एकीकडे यमक जुळवून त्यांची खिल्ली उडवली आणि दुसरीकडे राज्य महिला आयोगाकडे तक्रार केली. येथे लाल गालिचा नव्हता, रस्ताच गालिचा झाला होता, आणि पोशाख उसना नव्हता, स्वतः रचलेला होता. एखाद्या कंपनीच्या तारकेला मिळते तसे कोणाचे पाठबळ नसल्यामुळे उर्फी यांना कायद्याच्या भाषेत बोलावे लागले. कोणाचे कपडे योग्य हे ठरवण्याचा अधिकार पोलिसांना आहे की नाही, यावर राजकीय पक्षांतही एकमत झाले नाही.

यांपेक्षा निराळ्या रीतीने, म्हणजे एक शब्दही न बोलता दिलेले उत्तर सुरतेत घडले. २५ जानेवारी २०१५ रोजी दिल्लीच्या हैदराबाद हाऊसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांचे स्वागत करताना पंतप्रधान मोदी यांनी जो गडद रंगाचा बंद गळ्याचा सूट घातला होता, त्यावरच्या बारीक उभ्या रेषा जवळून पाहिल्यावर त्यांच्याच पूर्ण नावाच्या अक्षरांच्या असल्याचे दिसून आले. दौऱ्याच्या छायाचित्रांपेक्षा त्या कापडाच्या मोठ्या केलेल्या तुकड्याचीच चर्चा जास्त झाली. दिल्ली विधानसभेच्या निवडणूक प्रचारात राहुल गांधी यांनी त्याची किंमत दहा लाख असल्याचे सांगून तो मुद्दा केला, भाजपने तो आकडा नाकारला, आणि ‘सूट-बूट की सरकार’ हा शब्दप्रयोग त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लोकसभेत पोहोचला. सूट भेट म्हणून मिळालेला होता. दिल्लीच्या निकालानंतर थोड्याच दिवसांनी, १८ ते २० फेब्रुवारीला, सुरत महानगरपालिकेच्या विज्ञान केंद्रात इतर शेकडो भेटवस्तूंबरोबर त्याचा लिलाव झाला आणि सुरतेचे हिरे उद्योजक लालजीभाई पटेल यांनी तो ४ कोटी ३१ लाख ३१ हजार ३११ रुपयांना घेतला. लिलावात विकल्या गेलेल्या सर्वांत महाग सुटाचा हा विक्रम गिनीज बुकात नोंदवला गेला आणि पैसा गंगा स्वच्छतेच्या निधीला गेला. मिळालेल्या भेटी लिलावात काढण्याची मोदींची पद्धत गुजरातच्या मुख्यमंत्रिपदापासूनची होती, तेव्हा हा लिलाव केवळ टीकेमुळे झाला, असे म्हणणे घाईचे ठरेल. परंतु त्याचा परिणाम टीकेच्या उत्तराचाच झाला. वस्त्र ‘माझे नाही’ असे सांगण्याचा याहून पक्का मार्ग दुसरा नाही: ज्यावर स्वतःचे नाव हजार वेळा विणलेले आहे, ती वस्तूच दुसऱ्याच्या नावावर करून टाकायची.

सुरतेने तो सूट विकत घेतला यात योगायोगाचा भाग फार थोडा आहे, कारण हे शहर भारतातील कृत्रिम धाग्याच्या कापडाची राजधानी आहे आणि कोणा प्रसिद्ध माणसाने काय घातले याकडे येथे केवळ कुतूहलाने नव्हे, तर धंद्याच्या नजरेने पाहिले जाते. या धंद्याच्या पसाऱ्यातच, तापीच्या उत्तरेला, मुंबई–अहमदाबाद लोहमार्गावर उत्राणच्या पुढचे स्थानक असलेले कोसाड हे एके काळचे गाव आज शहराचा भाग आहे. झोपडपट्ट्यांच्या पुनर्वसनासाठी महानगरपालिकेने बांधलेल्या ‘कोसाड आवास’च्या इमारतींमुळे त्याचे रूप बदलले आणि पुढच्या सायणपर्यंतचा हा सारा पट्टा यंत्रमागांच्या खडखडाटाचा आहे. मुंबईहून येणारी गाडी पकडून किंवा उधन्याला मिळणाऱ्या तापी खोऱ्यातील लोहमार्गाने खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या या शहराच्या मागांवर, रंगाईच्या प्रोसेस हाऊसमध्ये आणि रिंग रोडच्या बाजारपेठेत राबलेल्या आहेत.

या शहरात गालिच्यावरचे छायाचित्र साडी होऊन कसे बाहेर पडते, हे पाहण्यासारखे आहे. मागावर विणून निघालेल्या कोऱ्या कापडाला येथे ‘ग्रे’ म्हणतात. त्याचे ताके, म्हणजे लांबलचक गुंडाळे, रंगाई व छपाईसाठी जातात. पॉलिएस्टरवर हुबेहूब नक्षी उमटवण्यासाठी आधी ती संगणकावरून कागदावर छापतात आणि मग तो कागद कापडाला लावून सुमारे २०० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. त्या उष्णतेला रंग वितळण्याऐवजी थेट वाफ होऊन धाग्यात शिरतो. या क्रियेला सब्लिमेशन म्हणतात, आणि तिच्यामुळे छायाचित्रातील छटा फार कष्ट न घेता कापडावर येते. भरतकामासाठी नक्षीचे टाक्यांमध्ये रूपांतर करावे लागते. हे काम पंचिंग करणारा कारागीर पडद्यावर करतो आणि त्याची फाइल अनेक सुयांच्या यंत्रावर चढवली की एकाच वेळी ओळीने तेच फूल भरले जाते. नंतर साडी ‘सहा तीस’ला कापतात, म्हणजे सहा मीटर तीस सेंटिमीटर: साडेपाच मीटर साडी आणि ऐंशी सेंटिमीटर ब्लाउजपीस. लेसपट्टी लावणे, खडे चिकटवणे, भरतकामाच्या पाठचे सुटे धागे कापणे ही शेवटची कामे कोसाडसारख्या वस्त्यांमधल्या स्त्रिया घरी बसून नगावर करतात.

गाऊन मात्र सुरतेत क्वचितच गाऊन म्हणून उतरतो. बाजार त्यातला एखादा रंग, एखाद्या किनारीची नक्षी, सोगा सोडण्याची ढब उचलतो आणि ती साडीत किंवा घागऱ्यात बसवतो. नायिकेचे किंवा चित्रपटाचे नाव देऊन माल विकण्याची रीत जुनी आहे, आणि त्यात नायिकेची संमती असावी अशी अपेक्षा ना विकणाऱ्याला असते, ना घेणाऱ्याला. टीका झालेला पोशाखही याला अपवाद ठरत नाही. गिऱ्हाइकाच्या नजरेत बसण्यासाठी चित्र ओळखीचे असावे लागते, आणि टीकेने ते ओळखीचे होण्याचे काम स्तुतीइतकेच चोख केलेले असते.

सुरतेची जरी या गोष्टीला आणखी खोल नेते. खऱ्या जरीसाठी चांदीची तार खेचून बारीक करतात, ती चपटी करतात, त्या चपट्या तारेला बादला म्हणतात, मग ती रेशमी धाग्याभोवती गुंडाळून तिच्यावर सोन्याचा मुलामा देतात. अर्धखऱ्या जरीत चांदीच्या जागी तांबे येते आणि सर्वांत स्वस्त जरीत धातूचा थर दिलेली पॉलिएस्टरची पट्टी. येवल्याच्या पैठणीत विणली जाणारी जरी मोठ्या प्रमाणावर सुरतेहून जाते. सुरतेच्या जरीकामाला आणि पैठणीला, दोन्हींनाही भौगोलिक निर्देशांकाची, म्हणजे वस्तूचे नाव तिच्या मूळ प्रदेशाशी कायद्याने बांधणारी, नोंदणी मिळालेली आहे. हा कायदा पैठणीच्या नावाचे रक्षण करतो, पण मोराच्या नक्षीचे करत नाही, म्हणून तोच मोर सुरतेच्या यंत्रावर पॉलिएस्टरमध्ये विणला जातो आणि ‘पैठणी पॅटर्न’ म्हणून महाराष्ट्रातल्या लग्नसराईत विकला जातो.

वेशरचनाकाराची बाजूही कायद्याने अशीच अर्धी सोडलेली आहे. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याच्या कलम १५(२) प्रमाणे, ज्या आकृतिबंधाची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली होऊ शकत होती पण केलेली नाही, त्यावरचा स्वामित्व हक्क त्या आकृतिबंधाची वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक वेळा उत्पादित होताच संपतो. रितु कुमार यांच्या कंपनीने बिबा या कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नेलेली नकलेची तक्रार २०१६ मध्ये याच कलमावर अडखळली. नोंदणी केली तरी संरक्षण दहा वर्षांचे, आणि आणखी पाच वर्षांनी वाढवता येणारे. कानच्या पायऱ्यांवर एका रात्रीपुरता घातलेला पोशाख आधी भारतात नोंदवून ठेवण्याची तसदी क्वचितच कोणी घेत असेल.

या साऱ्या उसनवारीच्या विरुद्ध टोकाला दोन प्रसंग उभे आहेत आणि दोन्हींत मराठी अभिनेत्री आहेत. १९७६ मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘निशांत’ कानच्या स्पर्धेत होता आणि प्रसिद्धीसाठी पैसा नव्हता. तेव्हा बेनेगल यांनी स्मिता पाटील आणि शबाना आझमी यांना आपल्या उत्तमातल्या उत्तम साड्या नेसून समुद्रकाठच्या रस्त्यावर फिरायला सांगितले, जेणेकरून लोक वळून पाहतील आणि मग त्यांना चित्रपटाचे आमंत्रण देता येईल. साड्या घरच्या होत्या, काम जाहिरातीचे होते. अठ्ठेचाळीस वर्षांनी, २०२४ मध्ये, पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ हा तीस वर्षांनी मुख्य स्पर्धेत पोहोचलेला भारतीय चित्रपट ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान मिळवून परतला. त्यातील छाया कदम यांनी महोत्सवात दिवंगत आईची साडी नेसली, तिचीच नथ घातली आणि समाजमाध्यमावर तसे सांगितले. या पोशाखाची थट्टा करण्याची कोणाची छाती झाली नाही. साडी सुंदर होती, हे त्याचे एक कारण असेलही, पण मुख्य कारण असे की, तिची मालकी आधीच जाहीर झालेली होती आणि मृत आईच्या साडीला नावे ठेवणाऱ्यालाच लोकांनी नावे ठेवली असती.

महोत्सवाच्या आयोजकांनी अलीकडे आपलाही हक्क पुढे केला आहे. २०२५ च्या कान महोत्सवापूर्वी त्यांनी गालिच्यावर नग्नता आणि इतरांच्या वाटेत येणारे फार मोठे सोगे यांना बंदी असल्याचे नियमांत स्पष्ट लिहिले. त्याच महोत्सवात ऐश्वर्या राय मनीष मल्होत्रा यांनी घडवलेली हस्तिदंती रंगाची बनारसी साडी नेसून आणि भांगात ठळक सिंदूर भरून आल्या. त्यांनी त्याचा काही अर्थ सांगितला नाही, पण काहींनी तो पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतरच्या ‘ऑपरेशन सिंदूर’ या लष्करी कारवाईच्या नावाशी जोडला आणि काहींनी त्यांच्या वैवाहिक जीवनाविषयीच्या अफवांना दिलेले उत्तर म्हणून वाचला. टीका होण्यापूर्वीच उत्तर देणारा पोशाख हा आता वेगळाच प्रकार झाला आहे, आणि त्याचे श्रेय तारकेला द्यायचे, वेशरचनाकाराला द्यायचे, की स्वतःच अर्थ लावून घेणाऱ्या पाहणाऱ्यांना द्यायचे, हे तिघांनाही ठरवता आलेले नाही. सुरतेच्या बाजाराला मात्र यातले काहीच ठरवावे लागत नाही. हस्तिदंती रंगाच्या कापडावर जरीचा काठ बसवायचा, तर पॉलिएस्टर कोणत्या जाडीचे घ्यायचे आणि नगाला मजुरी किती पडेल, एवढाच हिशेब तेथे असतो.